मोटरीतला माझा आवाज

मी भित्री आहे. घराला कुलूप लावलं की गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचं, ही माझी लहानपणापासूनची खोड. आताही गॅस बंद केला की बटणावर हात ठेवून "बंद आहे" असं मोठ्यानं म्हणते, म्हणजे दुपारी ऑफिसात जीव वर-खाली झाला तर निदान स्वतःचे शब्द तरी आठवतात. या पोरीचं पुढं कसं व्हायचं, अशी आईला काळजी असायची. झालं असं, की मला बूटलोडर लिहायचं काम मिळालं. आणि खरं सांगू का, ते काम भित्र्या माणसालाच द्यावं. धीट माणसांनी दुसरं काहीतरी करावं.

जालन्यात आमची दोन खोल्यांची कंपनी आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटरींसाठी आम्ही मोबाईल स्टार्टर बनवतो. विहिरीवरच्या लोखंडी पेटीत आमचा बोर्ड बसतो, त्यात एक सिमकार्ड असतं. लाईट आली की बोर्ड शेतकऱ्याला मिस कॉल देतो. मग घरबसल्या त्या नंबरला फोन लावायचा. एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. फोन उचलून जी बाई बोलते ती मी. कंपनी नवी होती, आवाजासाठी बाहेरून कुणाला कशाला आणायचं म्हणून मालकांनी मलाच बसवलं. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि घाम पुसत पुसत मी म्हणत होते, "मोटर चालू झाली आहे. मोटर बंद झाली आहे. व्होल्टेज कमी आहे. विहिरीत पाणी कमी आहे." आता अंबडपासून तीर्थपुरीपर्यंत शेकडो विहिरींवर मी दिवसभर तेवढंच बोलत असते.

बूटलोडर म्हणजे बोर्डातला सगळ्यात छोटा प्रोग्राम, पण सगळ्यात आधी उठणारा. लाईट आली की तो जागा होतो, मोठा प्रोग्राम धड आहे का ते बघतो आणि मग त्याच्या हाती कारभार देतो. घरात पहाटे पहिल्यांदा उठणारी बाई असते ना, तसा. ती उठलीच नाही तर घर निजलेलंच राहतं. मोठा प्रोग्राम बिघडला तर आम्ही ऑफिसात बसून सिमकार्डाच्या वाटेनं नवा पाठवू शकतो. बूटलोडर बिघडला तर त्याला उठवणारं कुणी नाही. बोर्ड मेला. फोन लावला तर नुसता वाजत राहणार. पेटी उघडून लॅपटॉपची वायर जोडल्याशिवाय तो जिता होत नाही, आणि ती वायर असते आमच्या टेबलावर.

आमच्या जुन्या बूटलोडरमध्ये एक खोट होती. मोठा प्रोग्राम अर्धवट उतरला असला तरी हा न बघताच कारभार देऊन मोकळा व्हायचा, आणि बोर्ड अडकून पडायचा. म्हणून मी नवा लिहिला. आता तो सगळ्या बोर्डांवर सिमकार्डाच्या वाटेनंच पाठवायचा होता, कारण शेकडो विहिरींवर जाणार कोण? उन्हाळ्याच्या पाण्याच्या पाळ्या वाढायच्या आत झालं पाहिजे, असा मालकांचा धोशा. पण नवा लिहायचा तर आधी जुना पुसावा लागतो. पुसल्यापासून लिहून होईपर्यंत दोनेक सेकंद बोर्डात पहिलं उठणारं कुणीच नसतं. त्या दोन सेकंदांनी माझ्या डोक्याचा पार भुगा केला होता. जेवताना तेच, पोळी लाटताना तेच.

मी असं ठरवलं होतं, की बोर्ड जागा झाल्या झाल्या ही अदलाबदल उरकून घ्यायची. त्या वेळी मोटर बंद असते, विजेवर ताण नसतो. टेबलावर मी मधेच प्लग उपटून बघितला, एकदा नाही, इतक्यांदा की मालक म्हणाले, आता प्लगच तुटेल. बोर्ड काही मेला नाही. लाईट गेली तरी काही सेकंद पुरेल एवढी वीज तो साठवून ठेवतो, त्यावर तो तरून जायचा. पण ऑफिसची लाईट ही साहेब लोकांची लाईट. येते तर पूर्ण येते, जाते तर पूर्ण जाते. शेतातली लाईट तशी नसते. तिथं पेटीत 'ऑटो' नावाचं बटण असतं. ते लावून ठेवलं की लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप उठते. प्रत्येकाला वाटतं आपली आधी उठावी, म्हणून प्रत्येकाचं ऑटो लावलेलं. एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम ओढ घेतात आणि व्होल्टेज धाडकन खाली बसतं, बोर्डाची साठवणही धड भरत नाही. मी त्याच मातीतली आहे, मला हे कुणी शिकवायला नको. म्हणून मी ठरवलं, खरी परीक्षा मावशीच्या विहिरीवर घ्यायची. तिच्या डीपीइतकी वाईट लाईट मला माहीत नव्हती.

मावशीचं गाव वडीगोद्रीहून आत. घर गावात, आणि मोसंबीची बाग लांब, ओढ्यापलीकडं. तिचे यजमान गेल्यापासून बाग तीच बघते. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. मागं एका उन्हाळ्याच्या तोंडावर अंगणात पाय घसरून मावशीच्या खुब्याचं हाड मोडलं, जालन्यात ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. तेव्हापासून हातात काठी. गावात हळूहळू फिरते, पण ओढा उतरून बागेपर्यंत जाणं तिच्यानं होत नाही. त्या उन्हाळ्यात लाईट आली की तिला दिराला फोन करावा लागायचा, "भाऊजी, जरा आमची मोटर टाकता का?" दिराचं शेत शेजारीच. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, हे मान्य करायला पाहिजे. पण आधी "बघतो" म्हणायचे, मग तास-दीड तास लावायचे, आणि संध्याकाळी चौकातल्या टपरीवर चार माणसांत सांगायचे, "वहिनीची बाग मीच जगवून राह्यलो." पुढं पुढं त्यांचं सुरू झालं, की वहिनी, बाग आम्हाला बटईनं, निम्म्या वाट्यानं, देऊन टाका, तुमचे हाल बघवत न्हाईत.

मी तिच्या विहिरीवर आमचा बोर्ड बसवला, त्या दिवसापासून मावशीनं मोटरीसाठी दिराला एकदाही फोन केला नाही. बोर्ड आहे तोवर बाग तिच्या हातात. बोर्ड मेला की परत "भाऊजी, जरा". हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि दिरालाही चांगलं माहीत होतं.

"दिवसातून दोनदा तुझा आवाज ऐकते बाई," ती मला फोनवर म्हणायची. "पण सारखं कमी आहे, कमी आहे. दुसरं काही शिकवलं न्हाई का तुला?"

तो मार्च महिना होता. बागेत बोराएवढी फळं धरलेली. या दिवसांत पाण्याची ओढ बसली की फळ खाली पडतं, मग वर्षभर झाडाकडं बघत बसायचं. मी लॅपटॉप, वायर आणि जास्तीचा एक बोर्ड पिशवीत घालून मावशीकडं गेले. संध्याकाळी ती तूर निवडत बसली होती, मी शेजारी बसून तिला सगळं समजावलं. ज्याच्या विहिरीवर आपण प्रयोग करतो त्याला नीट सांगावं, एवढी अक्कल मला आहे असं तेव्हा वाटत होतं.

"मंग त्याला धोका कशाचा?" तिनं विचारलं.

"लाईट येतानाचा. सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं. नेमकं त्याच वेळी माझं काम चालू असलं तर बोर्ड मरू शकतो."

"आन् मेला तर?"

"दुसरा आणलाय पिशवीत. तुझं पाणी न्हाई अडणार."

"माझं न्हाई विचारून राह्यले. तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय? मालक नोकरीवरून काढतील," मी हसून म्हणाले. मावशी हसली नाही. तुरीतले खडे वेचत राहिली.

त्या आठवड्यात शेतातली लाईट रात्रीऐवजी दिवसा येत होती. दुसऱ्या दिवशी मी सकाळीच विहिरीवर जाऊन पेटीसमोर बसले. लाईट यायची वेळ झाली, टळली, आणि मग पेटीवरचे लाल, पिवळा, निळा असे तिन्ही दिवे एकदम लागले. माझ्या बोर्डावरचा बारका दिवा लुकलुकला, थांबला, परत लुकलुकला आणि हिरवा झाला. झालं. नवा बूटलोडर बसला, बोर्ड उठला. मी माझ्या मोबाईलवरून फोन लावून एक दाबलं तर माझाच आवाज मला म्हणाला, मोटर चालू झाली आहे. मी तिथंच बांधावर टेकले. इतकं शांत वाटलं म्हणून सांगू. विहिरीच्या कपारीत पारवे घुमत होते, तेही स्पष्ट ऐकू येत होतं. मी मालकांना कळवलं, पास. ते म्हणाले, "शाब्बास. सोमवारी सगळ्यांना पाठवून टाकू."

मावशीनं त्या दिवशी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा केला. वाढताना तिनं मला तीनदा विचारलं, "झालं ना बराबर?" मी तीनदा हो म्हणाले. तिच्या तोंडावरचा आनंद माझ्यापेक्षा जास्त होता, आणि मला वाटलं, ती माझ्यासाठीच खूश आहे.

दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीला रोडवर एसटीची वाट बघत मी चहाच्या टपरीवर बसले होते. शेजारी रसवंती. टपरीत बल्ब लागलेला, रसवंतीचा चरक फिरत होता. एकाएकी बल्ब मंद झाला, आत नुसती लाल तार उरली. चरक रडत रडत हळू झाला. ऊस धरणारी बाई उसासा टाकून म्हणाली, "आली लाईट शेतात." आणि रोडच्या दोन्ही बाजूंनी, लांबून, एकापाठोपाठ एक मोटरींची घरघर सुरू झाली. ती घरघर मी जन्मापासून ऐकते आहे.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. काल ही घरघर कुठं होती? काल लाईट आली तेव्हा मला पारवे ऐकू आले होते. एका डीपीवर एवढ्या मोटरी असताना पारवे कसे ऐकू येतील?

मी मावशीला फोन लावला. "मावशी, काल लाईट आली तेव्हा बाकीच्यांच्या मोटरी चालू झाल्या न्हाईत का?"

"न्हाई ना," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. "मीच सांगितल्तं सगळ्यांना. अर्धा घंटा ऑटो बंद ठेवा म्हणलं, आमच्या पोरीची परीक्षा आहे. कुणी न्हाई म्हणलं न्हाई बघ."

"सगळ्यांना?"

"डीपीवरच्या सगळ्यांना."

"तुझ्या दिरांना पण?"

"त्यांना पण," ती म्हणाली आणि एसटी आली का ते विचारू लागली.

मला रडू आलं का राग आला, मला सांगता येणार नाही. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की घरातल्या भांडखोर चुलत्याला आपल्याकडं मुद्दाम शेतात पाठवून देतात. पाहुणे म्हणतात, काय शांत घर आहे. तसं मी शांत घर बघून होकार देऊन आले होते. आणि सोमवारी तो होकार शेकडो विहिरींवर जाणार होता, जिथं चुलते सगळे घरीच असतील. तिथं मेलेल्या प्रत्येक बोर्डामागं कुणीतरी माझ्या मावशीसारखं असणार, आणि त्यांच्यासाठी पिशवीत दुसरा बोर्ड घेऊन कुणी बसलेलं नसणार.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "पास झालं म्हणून तूच सांगितलं की."

"पास झालं नाही, पास करून घेतलं."

"कुणी?"

"आमच्या मावशीनं."

मालक म्हणाले, "रविवारपर्यंत काय ते बघ. मला एक उत्तर दे, दोन नको." मी एसटी सोडून दिली आणि तीच पिशवी घेऊन परत गावात आले.

मला दारात बघून मावशी समजली. मी पाणी प्यायले आणि सांगितलं, की मला मोटरी चालू असतानाच बघायचं होतं, त्यासाठीच इथं आले होते. मी शक्य तितक्या हळू सांगितलं.

"म्हणजे मी चूक केली."

"न्हाई गं, तसं काही न्हाई."

"खोटं बोलू नको. तुझा आवाज मी रोज ऐकते." तिनं मोबाईल घेतला आणि एकेकाला फोन लावायला बसली. उद्या ऑटो चालूच ठेवा, सगळ्यांनी ठेवा, हो, चालूच. लोक हसत असणार पलीकडं. शेवटी तिनं मोबाईल खाली ठेवला. एकच माणूस राहिला होता. "भाऊजींना तू सांग," ती म्हणाली. "मी एकदा मागितलं. आता न्हाई."

मी त्यांच्या गोठ्यावर गेले. ते म्हशीला वैरण टाकत होते. मी म्हणाले, "काका, उद्या लाईट आली की तुमचं ऑटो चालू राहू द्या."

"त्या दिवशी बंद ठेव म्हणले, आता चालू ठेव म्हणता. तुमच्या डब्याला नेमकं काय पाह्यजे?" ते हसले. वाईट हसले असं नाही, पण मला ते आवडलं नाही. मग म्हणाले, "वहिनी स्वतः आल्त्या परवा. काठी टेकत, अंधार पडायच्या आत. म्हणलं, वहिनी, फोन करायचा, एवढं कशाला चालायचं? तर म्हणल्या, मागायला आले, मागायला फोन न्हाई करत. मी म्हणलं, बघा, विचारलं की सगळं होतं. असंच विचारत जा. बागेचं पण विचार करा म्हणलं."

"मग काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार? मान हलवली."

परत येताना माझी कानशिलं तापली होती. ज्या एका माणसाकडं मागायला लागू नये म्हणून मी तो बोर्ड बसवला, त्याच माणसाच्या दारात ती त्याच बोर्डासाठी जाऊन आली होती. ती तूर निवडत असताना मी शेजारी बसून शहाणपणा केला त्याच संध्याकाळी, मी अंघोळीला गेले असताना. मी मावशीला यातलं काही बोलले नाही.

सकाळी विहिरीवर जाऊन मी वायर लावली, बोर्डावर जुना बूटलोडर परत टाकला आणि नवा तयार ठेवला, म्हणजे परीक्षा पहिल्यापासून. लाईट आली. या वेळी पारवे नाही, चारी बाजूंनी घरघर, पेटीवरचे दिवे पिवळट पडले. बोर्ड लुकलुकला, थांबला. हिरवा झाला.

पास. सगळ्या मोटरी चालू असताना पास. खरं सांगते, त्या क्षणी मला पिशवी भरून घरी पळावंसं वाटलं. मावशीचं दिराच्या दारात जाणं वाया गेलं तरी त्यातून वाईट काही झालं नाही, मालकांना एकच उत्तर देता आलं असतं, सगळे सुखी. पण माझ्यासारखी बाई कुलूप एकदा ओढून घरी जात नाही. मी परत जुना टाकला, परत नवा तयार ठेवला आणि बाभळीच्या सावलीत बसून राहिले. आमच्याकडं लाईट दिवसात एकदाच जात नाही, हा भरवसा होता. दुपारी उन्हाच्या तडाख्यात ती गेली आणि थोड्या वेळानं आली. मोटरींनी परत ओढ घेतली. माझ्या बोर्डावरचा दिवा लुकलुकला, थांबला, आणि थांबलेलाच राहिला.

मी वाट बघितली. पेटी बंद करून उघडली. देवाचं नाव घेतलं. मग मोबाईल वाजला, मावशीचा.

"मिस कॉल आला न्हाई गं. मी फोन लावला तर नुसता वाजून राह्यला. तुझा आवाज येईना."

"नाही यायचा," मी म्हणाले. "मेला तो." मी पिशवीतला बोर्ड काढला, मेलेल्यातलं सिमकार्ड त्यात घातलं, वायरी कसल्या. स्क्रू दोनदा मातीत पडला. नव्या बोर्डानं मोटर चालू केली तेव्हा पाटात पाणी आलं, आणि मी त्या पाण्यात पाय घालून बसले. आठशे, हजार, किती घरांत तो फोन नुसता वाजत राहिला असता, याचा हिशेब करायचीही मला भीती वाटत होती.

घरी गेले तर मावशी ओट्यावर बसलेली. मालकांना मी वाटेतच सांगितलं होतं, सोमवार रद्द. ते चिडले, मग निवळले. मावशीनं मला पाणी दिलं आणि बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिली.

"म्हणजे मी भाऊजींच्या दारात गेलेच नसते," ती म्हणाली, "तर तुला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

कदाचित कळलं असतं, कदाचित नाही, पहिल्यांदा पास आणि दुसऱ्यांदा नापास झालं, असं बरंच काही मी बोलू शकले असते. मी "हो" म्हणाले.

"मंग आता पुढच्या वेळी मला काही सांगू नको. सांगितलं की मी काही तरी करून बसते." ती उठून आत गेली.

पुढचे काही आठवडे मी बूटलोडर नव्यानं लिहिला. आता जुना पुसायच्या आधी नवा शेजारी लिहून ठेवायचा आणि शब्दन् शब्द वाचून बघायचा. व्होल्टेज बराच वेळ एका जागी ठरल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही, तोवर मिस कॉल नाही, फोन उचलायचा नाही, मोटर नाही. बोर्डानं गप्प बसून मोटरींचा पहिला गोंधळ निवळू द्यायचा. ऑफिसात डिमर लावून मी व्होल्टेज हातानं वर-खाली केलं, बोर्डाचे हाल हाल केले. मग तीर्थपुरीकडच्या तीन विहिरींवर बघितलं. तिथल्या लोकांना फक्त "सर्व्हिसिंग आहे" म्हणून सांगितलं, एक अक्षर जास्त नाही. दुधानं तोंड भाजलं होतं.

मे महिन्यात तो सगळ्यांना पाठवला. त्या दिवशी मी सकाळपासून स्क्रीनसमोर. ज्या ज्या गावाला लाईट येईल तिथला एकेक बोर्ड आधी गप्प व्हायचा, आणि काम उरकलं की स्क्रीनवर हिरवा होऊन परत यायचा. अंबडकडचे आले, घनसावंगीकडचे आले. मालक मागं उभे राहून माझा चहा पिऊन गेले, मला कळलंही नाही. दुपारी मावशीच्या डीपीला लाईट आली. शेजारच्या शिवारातला बोर्ड परत आला, पलीकडचा आला. मावशीचा येईना. तिच्या विहिरीवर लाईट वाईट, व्होल्टेज ठरायला वेळ लागणार, हे मीच लिहिलं होतं, मला ते माहीत होतं. तरीही चार वेळा मोबाईल हातात घेतला. सांगू नको म्हणाली होती. मी मोबाईल पालथा ठेवला. आणखी बराच वेळ गेला, आणि मग तिची ओळ हिरवी झाली. मी टेबलावर डोकं टेकलं.

थोड्या वेळानं तिचाच फोन आला.

"काय गं, आज तुझी मोटर लई उशिरा बोलली," ती म्हणाली. तिला धाप लागली होती.

"हो का?"

"मिस कॉल न्हाई, काही न्हाई. शेजारीण म्हणली, लाईट तर कव्हाच आली. फोन लावला तर नुसता वाजून राह्यला. म्हणलं, मेला वाटतं."

"मग?"

"मंग काय. झाडाची फळं पडायला लागली असती. चप्पल घातली, काठी घेतली, भाऊजींच्या दारापर्यंत गेल्ते."

"आत गेलीस?"

"कडी वाजवणार तेवढ्यात वाटलं, अजून एकदा लावून बघावं. तिथंच उभी राहून लावला, तर तू बोलली. मंग आले माघारी." ती थांबली, खाली बसली असावी, काठी ठेवल्याचा आवाज आला. "तूच काही तरी करून राह्यलीस ना आज?"

"हो, मावशी."

"मंग सांगायचं न्हाई का आधी? सांगितलं असतं तर घरीच बसले असते की."